उठू नका

आमच्या गोपाळरावांना समोरच्याला मान द्यायची खोड होती, आणि त्या खोडीपायी त्यांचं डोकं फुटलं.

गोपाळराव म्हणजे माझे यजमान. सोलापुरातल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत ते लिपिक होते. ऑफिसच्या दारातून जो कोणी आत येईल त्याच्यासाठी उठून उभं राहायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ते जन्मालाच तसे आले असावेत. मुख्याध्यापक आले की उठले. संस्थेचे चेअरमन आले की उठले. चेअरमनांचा मेहुणा फुकटात झेरॉक्स काढायला आला, तरी उठले. नापास पोराचा बाप भांडायला आला तर हे आधी उभे राहणार, त्याला खुर्ची देणार आणि मग त्याच्या शिव्या खाणार. मी दुसऱ्या एका शाळेत मुलींना विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा इतक्या तत्परतेनं उठत नाहीत, आणि त्यांचे मार्क माझ्या हातात असतात.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं. जेवताना शर्टावर वरण सांडायचं. जिना उतरताना पायरी चुकायची. चालता चालता एकदम मागच्या मागे तोल जायचा. ताट समोर असलं तरी नजर ताटात न जाता समोरच्या भिंतीवर असायची. आम्ही चष्मा बदलला. मग चष्मेवाला बदलला. मग पुन्हा चष्मा बदलला. त्यात त्या दोन दुकानदारांचं भलं झालं, एवढाच फायदा. मान ताठ ठेवून, खाली न बघता चालतात म्हणून शाळेत लोक म्हणायला लागले की गोपाळरावांना हल्ली शिष्टपणा आलाय. ज्या माणसानं जन्मभर शिपायालासुद्धा "अहो" म्हटलं, त्याला म्हातारपणाच्या तोंडावर हा किताब मिळाला.

गेल्या उन्हाळ्यात शिक्षण खात्याचे एक साहेब त्यांच्या शाळेची तपासणी करायला येणार होते. गोपाळराव सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले होते. दारात पांढऱ्या सफारीतला एक मनुष्य दिसला आणि हे ताडकन उठले. जितक्या वेगानं उठले तितक्याच वेगानं मागे गेले. मागे लोखंडी कपाट होतं, त्याच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. आलेला मनुष्य साहेब नव्हताच. तो साहेबांचा ड्रायव्हर होता, आणि गाडी सावलीत कुठे लावू, एवढंच त्याला विचारायचं होतं. रक्त बघून तो परत पळाला, साहेब गाडीतल्या गाडीत माघारी गेले आणि तपासणी पुढे ढकलली गेली. शाळेतल्या बऱ्याच जणांनी मनातल्या मनात गोपाळरावांचे आभार मानले असणार.

दवाखान्यात ऑपरेशन झालं. गोठलेलं रक्त काढलं, अर्धं डोकं भादरलं, टाके घातले. आमची मुलगी उर्वी हैदराबादहून धावत आली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला नाही, उर्वीला नाही, नर्सला: "साहेबांना बसायला दिलं का?"

मग एक दिवस डॉक्टरांनी त्यांच्या नाकासमोर बोट धरलं आणि ते वर नेलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. ह्यांचे डोळे कसेबसे मागोमाग गेले. बोट खाली आलं, तेव्हा डोळे जिथल्या तिथे. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले.

"मॅडम, दोन वेगळ्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "एक ही डोक्याची जखम. दुसरा तिच्या आधीपासूनचा आजार. त्या आजारामुळे ते पडले. पीएसपी म्हणतात त्याला. मेंदूचा देठ झिजत जातो. तोल जातो, नजर खाली वळत नाही, बोलणं जड होतं, चेहरा हलेनासा होतो. लाखात पाच-सहा जणांना होतो."

माझी आई लग्नात सगळ्यांना सांगत होती, आमचा जावई लाखात एक आहे. तिचा अंदाज फार चुकला नव्हता.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"डोकं भरून येईल. पण बघा, साध्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर त्याचा मेंदू पुन्हा शिकतो, कसं उठायचं, कसं चालायचं. ह्यांच्या बाबतीत ज्यानं शिकायचं तोच झिजतोय. वेळ लागेल. थोडंफार शिकतील. पण पुन्हा एकदा असे डोक्यावर पडले, तर मी तुम्हाला कसलाच भरवसा देऊ शकणार नाही."

त्या आजारावर औषध नव्हतं, तेव्हा त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. माझ्यापुरतं एकच काम उरलं. हा मनुष्य पुन्हा पडता कामा नये.

जुळे सोलापुरात आमचं तळमजल्यावरचं घर आहे. हॉलमध्ये दिवाण, दिवाणामागे खिडकी आणि खिडकीला काळ्या कडप्पाचा कट्टा. दिवाणासमोर उभा राहिलेला मनुष्य मागे पडला तर त्याचं डोकं नेमकं त्या कट्ट्यावर जाणार, हे मी विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे पहिल्याच दिवशी हेरलं. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी घड्या घालून कट्ट्याला बांधल्या. जगाला सोलापूरची चादर पांघरायला लागते; आमच्याकडे ती कडप्पाला पांघरली होती.

व्यायाम शिकवायला पायल नावाची मुलगी यायची. लहानखुरी, पण हाताला भलती ताकद. तिनं काकांना उठण्याचा धडा घालून दिला: आधी थांबायचं, मग दोन्ही हात टेकायचे, मग पुढे वाकायचं, मग कोणाला तरी हाक मारायची आणि मगच उठायचं. गोपाळरावांनी तो शासनाचं परिपत्रक असावं तसा पाठ केला. "थां...बा. हा...त टेका. पु...ढे वाका. हा...क मारा." शब्द जड झाले होते, पण क्रम एकदाही चुकत नव्हता. पायल खूष झाली. तेवढ्यात दारात त्यांच्या शाळेचा शिपाई भारत शहाळी घेऊन उभा राहिला, आणि परिपत्रक म्हणून दाखवत असलेला मनुष्य ताडकन उभा. पायलनं मधेच झेलला म्हणून वाचला.

"काका, अहो आत्ताच काय म्हणालात?"

"पा...हुणे आले," गोपाळराव म्हणाले.

डॉक्टरांनी मला मेंदूचा फोटो दाखवला होता. त्यात देठ बारीक झालेला दिसत होता. पाहुणा दिसला की उठायचं, हे मेंदूत कुठे असतं ते मात्र त्या फोटोत नव्हतं. ते जिथे कुठे असेल तिथे ह्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आणि पाहुणे तर येणारच. आपल्याकडे कोणाच्या डोक्याला टाके पडले की त्याला बघायला जाणं हे देवदर्शनाच्या खालोखाल पुण्याचं. माणूस दवाखान्यात असताना गेलात तर उत्तम. घरी आल्यावर गेलात तर चहाही मिळतो. नातेवाईक आले, शाळेतले आले, कॉलनीतले आले, ह्यांच्या वर्गमित्राचे व्याही आले. प्रत्येकाच्या हातात केळी नाहीतर बिस्किटाचा पुडा, आणि प्रत्येकाच्या तोंडात तेच: "बसा बसा, उठू नका!" हे वाक्य आपल्याकडे समोरचा उठल्यावर म्हणायचं असतं. बसून राहिलेल्या माणसाला कोणी "उठू नका" म्हणत नाही, त्याच्याबद्दल बाहेर जाऊन बोलतात. गोपाळराव ते वाक्य ऐकण्यासाठी प्रत्येक वेळी इमानानं उठत होते, आणि मी चहा टाकून, कणकेचे हात तसेच घेऊन, त्यांच्या मागे धावत होते. "उठू नका" असं मनापासून म्हणणारी त्या घरात मी एकटीच होते, आणि माझं ते ऐकत नव्हते.

मी दारावर पाटी लावली: रुग्णास भेटू नये. लोक ती मोठ्यानं वाचायचे आणि आत यायचे. "ते बाहेरच्यांसाठी ना?" एकानं मला विचारलं. मी दिवाण फिरवून ह्यांची पाठ दाराकडे केली, तर लोक वळसा घालून समोर आले, आणि दिवाण पुन्हा जागेवर गेला. आजाऱ्याला तोंड न दाखवता जायचं म्हणजे आल्याची नोंद कशी होणार? शेवटी एकदा जुन्या साडीच्या पट्ट्यानं मी त्यांना लोडाशी बांधलं. पाहुणा आल्यावर त्या पट्ट्यात त्यांचं अंग उठायला बघत राहिलं, गोठ्यात मालक आल्यावर बैल दाव्याला ओढ देतो तसं. मला ते बघवलं नाही. संध्याकाळी मी तो पट्टा कापून टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत गोजरबाई शेळ्या पाळते. जन्मभर ओझी वाहून तिच्या कमरेचा काटकोन झालाय. हे दवाखान्यातून घरी आल्यापासून ती ह्यांच्यासाठी रोज शेळीचं दूध घेऊन यायची, दिवाणाजवळ खाली बसायची, गप्पा मारायची आणि जायची. एक दिवस ती दुधाचा तांब्या ठेवून माझ्यावर उखडली.

"बाई, एक इचारू? ह्ये समद्यास्नी उटून ऱ्हात्यात. काल त्यो केरवाला आला तरी उटले. म्या आल्यावर कंदी उटत न्हाईत. गरीब हाय म्हून व्हय?"

"अहो गोजरबाई, तसं कसं असेल?"

"मंग काय हाय? म्या काय त्यांच्या उटण्यानं मोठी व्हणार न्हाय. पर मानसाला वाटतंय की!"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्यासमोर उभी होती आणि तिचं डोकं माझ्या कमरेला लागत होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोपाळरावांची नजर खाली वळत नाही. गोजरबाई दारातून येते ती त्यांच्या नजरेखालून येते. ती आलेली त्यांना दिसतच नाही. तिचा आवाज ऐकू येतो तेव्हा ती खाली बसलेली असते, आणि आधीच बसलेल्या माणसासाठी उठून उभं राहायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुनी पाटी काढून नवी लावली: वाकून आत यावे.

मग जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. मी दारात उभी राहायचे आणि येणाऱ्याला कमरेत वाकवून आत सोडायचे. उंबऱ्यापासून दिवाणापर्यंत तसंच यायचं, सतरंजीवर बसायचं आणि मग म्हणायचं, "गोपाळराव, मी अमुक, बसलोय." गोपाळराव समोरच्या भिंतीकडे बघत म्हणायचे, "अ...रे वा, के...व्हा आलात?" आणि बसून राहायचे. कॉलनीतल्या दोघी जावांनी वाकल्या वाकल्या नमस्कारही उरकून घेतला. एवढं वाकलोच आहोत तर वाया कशाला घालवा. एक रिटायर्ड प्राध्यापक मात्र दारातच म्हणाले, ही पद्धत त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांना मी केळी बाहेरच ठेवायला सांगितली.

संस्थेचे चेअरमनही आले. बरोबर मोबाईलवर फोटो काढायला एक कार्यकर्ता. चेअरमन पाटी वाचून माझ्याकडे बघायला लागले. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. त्यांचं पोट आणि त्यांचे गुडघे यांची थोडा वेळ बोलाचाली झाली आणि मग ते वाकले. ज्या माणसासाठी गोपाळराव इतकी वर्षं उठत होते, तो वाकून, जवळजवळ चार पायांवर, त्यांच्यापुढे चालला होता, आणि गोपाळराव भिंतीकडे बघत बसले होते. फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, "आदरणीय अध्यक्षसाहेबांची नम्रता." गोपाळरावांचा त्यात फक्त गुडघा आला होता.

टाके निघाले. भादरलेल्या डोक्यावर पांढरे खुंट उगवले. पायलचा हात धरून ते बाथरूमपर्यंत जायला लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जखम झकास भरून येतेय. मात्र त्याच दिवसांत त्यांचं हसू गेलं. म्हणजे ते दुःखी झाले असं नाही. चेहरा हसणं विसरला. विनोद सांगितला तर घशातून आवाज यायचा आणि वर तोंड जसंच्या तसं, पासपोर्टच्या फोटोसारखं. डोकं बरं होत होतं आणि माणूस हातचा चालला होता. "आता बरेच सुधारलेत की!" म्हणून लोक जायचे. मी हो म्हणायचे. डोक्याबद्दल ते खरंच होतं.

अण्णा आले आणि माझ्या पाटीची परीक्षा झाली. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, अक्कलकोटला असतात. घरात त्यांच्या पायाला हात लावल्याशिवाय कोणी पाणी पीत नाही, अशी त्यांची समजूत आहे आणि बाकीच्यांनी ती मोडलेली नाही. त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"सरोजिनी, हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. आजार सांगितला, नजर सांगितली, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"म्हणजे थोरल्यानं धाकट्यापुढे वाकायचं?"

"त्यांच्यापुढे नाही अण्णा. त्यांच्या नजरेखालून."

"एकच की ते," अण्णा म्हणाले आणि मला बाजूला सारून, ताठ, कडक इस्त्रीच्या धोतरात, आत चालत गेले.

गोपाळरावांनी अण्णांना पाहिलं. ते उठले, आणि नुसते उठले नाहीत; अण्णांचे पाय धरायला वाकले. पाय कुठे आहेत ते त्यांना दिसत नव्हतं. हात हवेत फिरले, तोल गेला आणि ते मागे आले. पायल आत हात धूत होती. ती कशी पोचली ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं काखेत हात घालून त्यांना पकडलं तेव्हा डोकं कट्ट्याच्या चादरीला लागलेलं होतं. चादरी होत्या म्हणून नुसतं लागलं.

गोपाळराव पायलच्या हातांत लोंबकळत होते, आणि अण्णांनी त्यांच्या डोक्यावर, टाक्यांच्या वणाशेजारी, हात ठेवला. "आयुष्मान भव," ते म्हणाले.

माझा ताबा सुटला. "अण्णा, तुमचे पाय आणि तुमचा आशीर्वाद दोन्ही एकदम आम्हाला परवडत नाहीत. एक काय ते ठरवा."

"पडला नाही ना? मग एवढा आरडाओरडा कशाला?"

"पडले असते तर तुम्ही आशीर्वाद कोणाला दिला असता?"

अण्णा चहा न घेता गेले. रात्रीपर्यंत अक्कलकोटपासून जेऊरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळलं की सरोजिनीनं थोरल्या दिरांना घराबाहेर काढलं, आणि ती घरात आलेल्या भल्याभल्यांना रांगायला लावते. मला फोन आले. मी कोणाला काही सांगत बसले नाही. मला माणूसघाणी म्हणा, शिष्ट म्हणा, काय हवं ते म्हणा. पाहुणे यायचे एकदम कमी झाले आणि मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

गोपाळराव मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "अण्णा... रा...गावले?"

"रागावू देत."

"मा...झं चुकलं. पा...य सापडले नाहीत."

त्यांना वाटत होतं, भाऊ रागावला तो नमस्कार नीट झाला नाही म्हणून. मी सांगितलं की पुढच्या वेळी सापडतील.

जूनमध्ये शाळा उघडली आणि माझी रजा संपली. दुपारपर्यंत ह्यांच्याजवळ बसायचं गोजरबाईनं कबूल केलं. मी सकाळी जायचे आणि दुपारी यायचे. दार लोटलेलं असायचं. मी ते ढकलून सरळ आत यायचे, पर्स टेबलावर टाकायचे आणि पंख्याखाली बसायचे. वाकायचा नियम मी स्वतःला कधीच लावला नव्हता. त्याची गरजच नव्हती. बायको घरात आली म्हणून कुठला नवरा उठतो? गोपाळराव पाहुण्याला मान देणारे होते, वेडे नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या दारातून हजारो वेळा आत आले असेन. बाजाराच्या पिशव्या घेऊन आले, बाळंतपणाहून आले, आईच्या तेराव्याहून आले, आणि ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता "आलीस?" म्हणायचे. मला त्यात कधी काही खटकलं नाही. खरं सांगते, कधी लक्षातही आलं नाही.

जुलैत आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. ज्येष्ठतेनं माझा नंबर होता, आणि ती कटकट दुसऱ्या कोणाला नको होती, त्यामुळे प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून माझ्या हातात कागद पडला. मी स्टाफरूममध्ये गेले. कोणी उठलं नाही. इंग्रजीच्या सरांनी वर्तमानपत्र थोडं खाली केलं आणि "अभिनंदन, पेढे कधी?" म्हणून पुन्हा वर घेतलं. मधल्या सुट्टीत मी घरी फोन केला. गोजरबाईनं उचलला.

"त्यांना सांगा, मी आजपासून हेडबाई झाले."

तिनं तिकडे ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाली, "सांगितलं. नुसतं दाराकडं बगत बसल्यात."

दुपारी मी घरी आले. नेहमीसारखं दार ढकललं आणि सरळ आत पाऊल टाकलं. गोजरबाई आत चहा टाकत होती. गोपाळराव दिवाणाच्या कडेला दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मला पाहिलं.

आणि ते थांबले. दोन्ही हात सावकाश खाली नेले, चाचपून दिवाणाची कड धरली. पुढे वाकले. मी पर्स हातात धरून तशीच उभी. पायलनं महिनोन्‌महिने घोकून घेतलेला धडा, जो त्यांनी आजवर एकाही पाहुण्यासाठी वापरला नव्हता, तो ते माझ्यासमोर एकेक करून करत होते. कपाळावर घाम आला होता.

"मॅ...डम," त्यांनी हाक मारली.

मग ते उठले आणि उभे राहिले.

तेव्हा मला कळलं. बाकी सगळ्यांसाठी ते सवयीनं उठत. अंग आपोआप उठायचं. माझ्यासाठी उठायची त्यांना सवयच नव्हती. त्यांना ते ठरवून, शिकून, एकेक अवयव हलवून करावं लागलं. मला इतकं भरून आलं की मी "बसा" म्हणायलाच विसरले. अख्ख्या गावाला मी उठू नका, उठवू नका म्हणून वेठीला धरलं होतं, आणि माझ्यासाठी ते उभे राहिले तेव्हा मला ते बघत राहावंसं वाटलं.

त्यांनी नमस्काराला हात जोडले, आणि त्याबरोबर ते मागे झुकायला लागले.

मी पर्स टाकली आणि धावले. मागून धरायचं, असं पायल नेहमी सांगायची. ते नेहमी मागेच पडतात. मी चपलांसकट दिवाणावर चढले, गुडघे टेकले आणि पाठीमागून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. ते सावरले. त्यांचे जोडलेले हात तसेच होते, तोंड दाराकडे. दारात आता कोणीच नव्हतं.

"मॅ...डम कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं.

विनोद होता की काय, मला कळायला मार्ग नव्हता. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि चेहरा दिसला असता तरी तो काही बोलला नसता.

"मागे आहेत," मी म्हणाले. "त्या म्हणताहेत, बसा."

"आ...धी त्या बसू देत."

"अहो, बसा हो."

"आ...धी त्या."

मी त्यांना सोडून बसू शकत नव्हते आणि मी बसल्याशिवाय ते बसणार नव्हते. आत चहा उतू गेल्याचा वास येत होता. मी हात आणखी घट्ट केले, त्यांच्या पाठीवर गाल टेकला आणि गुडघ्यांवरून हळूहळू मागे सरकत, त्यांना सोबत घेत, दिवाणावर बसले.

"बसल्या," मी म्हणाले.

मग तेही बसले, माझ्या मांडीवर, सगळं वजन टाकून, आणि मी त्यांना तसंच धरून ठेवलं.